आतून आलेला ठोका

१

"आवाज येतोय म्हणजे पोर बरं आहे, असं धरून चालू नये गं. उठावं आणि तोंड बघून यावं."

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा वकीलबाईने नुसती मान डोलावली आणि जागची हलली नाही. पाळण्याला बेबी मॉनिटर अडकवलेलं होतं. त्याची जोडीदार डबी ओट्यावर ठेवली की बाळाचा श्वास, हुंकार, कूस बदलल्याची खसखस, सगळं ऐकू यायचं. काळजी करण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. आंघोळीला जातानासुद्धा ती डबी न्हाणीघराच्या दाराशी ठेवून जायची. "आई, यंत्र खोटं बोलत नाही," ती म्हणाली.

"खोटं नाही बोलत. पण कुणाचं ऐकतंय हे त्याला कुठं कळतं?" सासूबाई शेंगा सोलत म्हणाल्या. सुनेने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

त्याच दुपारी कोर्टातून निरोप आला. बायकांच्या तुरुंगात, एकांत कोठडीत, एक कैदी मेली होती. ती कशी मेली याची चौकशी करून अहवाल द्यायला तिला नेमलं होतं. बाळंतपणाच्या रजेनंतरचं हे पहिलंच काम.

मेलेल्या बाईला अख्खा तुरुंग बडबडी म्हणायचा. वय वकीलबाईएवढंच. तिला फिट यायच्या. गोळ्या वेळेवर मिळेनात म्हणून तिने औषधाच्या रांगेत आवाज चढवला, गोळ्या काय तुमच्या घरून आणता का, असं विचारलं. रांग हसली. हसली म्हणून ते जास्त झोंबलं, आणि उद्धटपणाची शिक्षा म्हणून बडबडीला एकांतात टाकलं. एके सकाळी पहारेकरणीने दार उघडलं तर ती फरशीवर पडलेली, कानामागे जखम, अंग गार.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. फिट आली, पडताना डोकं कोठडीतल्या झोपायच्या ओट्याच्या कडेवर आपटलं, आणि ती संध्याकाळीच बेशुद्ध झाली. संध्याकाळचं ताट दाराखालच्या फटीतून आत सरकवलेलं, ते तसंच पडून होतं. रक्त आत साचत गेलं, पहाटे जीव गेला. संध्याकाळी कोणी पाहिलं असतं तर वाचली असती.

पहारेकरणीचं म्हणणंही तेवढंच सरळ होतं. रात्री प्रत्येक फेरीला बडबडीने आतून ठोका दिला होता.

बेशुद्ध माणूस ठोका देत नसतो. दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलत होतं.

२

तुरुंगाच्या फाटकाशी एक बाई उभी होती. हातात पिशवी, पिशवीत घडी केलेले कपडे. मुलगी सुटेल त्या दिवशी घालायला म्हणून जपलेले, ते आता शेवटचे घालायला आणले होते. तेही आतल्यांनी घेतले नव्हते.

"तुम्ही चौकशीवाल्या ना?" बडबडीच्या आईने विचारलं. वकीलबाईने हो म्हटलं आणि रडणं ऐकायची मनाची तयारी केली. पण ती बाई रडली नाही.

"कुणाला फाशी द्या, असं मी म्हणत नाही. मला एवढंच सांगा, ती एकटीच गेली का? लहानपणी अंधारात एकटी झोपायची नाही हो ती. हाक मारली असेल. कुणालाच ऐकू गेली नाही का?"

वकीलबाईने तिच्या पिशवीवर हात ठेवला. सांगेन, एवढंच म्हणाली.

अधीक्षकबाईंची खोली नीटनेटकी होती. टेबलावर धुळीचा कण नाही, खिडकीत पाणी घातलेली कुंडी. बोलणंही तसंच, झाडून पुसून ठेवलेलं. एकांतात बोलायला बंदी, हे त्यांनी समजावलं. म्हणून पहारेकरीण दारावर किल्लीने ठोका देते, आतल्या बाईने आतून दारावर ठोका द्यायचा. ठोक्याला ठोका मिळाला की माणूस ठीक. नाही मिळाला तर दार उघडून बघायचं.

दाराला बघायची खिडकी असते ना, वकीलबाईने विचारलं.

होती. बंद करून टाकली होती, पत्रा ठोकून. बायका दिवसभर तिथे डोळा लावून बसायच्या. कोणी गेलं की बोलायच्या, निदान बघायच्या तरी. मग तो एकांत कसला? पत्रा ठोकल्यावर त्यांनी दुसरी युक्ती काढली. मुद्दाम ठोका द्यायच्या नाहीत. दार उघडेल, माणसाचं तोंड दिसेल, एवढ्यासाठी.

"मग?"

"मग विनाकारण दार उघडायला लावलं तर शिक्षा वाढते, असा नियम केला," अधीक्षकबाई म्हणाल्या. "त्या दिवसापासून एकही ठोका चुकलेला नाही."

हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता.

३

पहारेकरीण उंच, हाडापेराने मजबूत, पण खुर्चीच्या टोकावर अशी बसली होती जणू खुर्चीही तिच्यावर आळ घेईल. तिला घरी बसवलं होतं. ठोका आला नसताना आला म्हणते, फेऱ्या मारल्याच नसतील, असं सगळे म्हणत होते.

फेऱ्या तिने मारल्या होत्या. वकीलबाईने कॅमेऱ्यातलं चित्रण डोळ्यांत तेल घालून पाहिलं. आवाज नव्हता, चित्र होतं. प्रत्येक फेरीला पहारेकरीण बोळात येते, बडबडीच्या दारावर किल्ली वाजवते, मान तिरकी करून ऐकते, मग पुढच्या दारावर वाजवते, ऐकते, निघून जाते. न आलेला ठोका ऐकल्याचं नाटक करायचं असतं तर मान तिरकी करून कोण थांबेल? बोळात तर दुसरं कोणीच नव्हतं.

"तो ठोका तिचाच होता कशावरून?"

पहारेकरणीचा चेहरा क्षणभर सैल झाला. "अहो, तिचा ठोकासुद्धा बडबडा होता. बाकीच्या एकदा टक करून गप्प. ही टक, मग टक-टक. म्हणजे, आले हो आले, ओरडू नका. मला हसू यायचं. ड्यूटीवर हसायचं नसतं, म्हणून मी लगेच पुढे जायची." ती थांबली. "मी तिला मारलं नाही, मॅडम. पण जरा थांबले असते तर बरं झालं असतं. थांबायला काय पैसे पडतात?"

डॉक्टर रागावले होते, कारण त्यांच्या शब्दावर शंका घेतली जात होती. त्यांनी जखम समजावली, सूज समजावली. शवविच्छेदन दुसऱ्या इस्पितळात झालं होतं आणि तिथल्यांनीही तेच सांगितलं होतं. बेशुद्ध झाल्याच्या वेळेत चूक शक्य नव्हती. फिटच्या रुग्णाला एकांतात ठेवायला तुम्ही परवानगी कशी दिली, असं वकीलबाईने विचारल्यावर मात्र त्यांचा राग ओसरला. म्हणाले, मी बंद दाराबाहेरून विचारलं होतं, बरी आहेस का. आतून ठोका आला.

म्हणजे डॉक्टर खरं बोलत होते आणि पहारेकरीणही खरं बोलत होती. आणि दोन्ही खरं असेल तर त्या रात्री बेशुद्ध बाईने उठून दार वाजवलं होतं.

४

एकांताच्या त्या बोळात दोनच कोठड्या होत्या. दुसरीत एक पोक्त कैदी होती, तिला शिंपीण म्हणत. तुरुंगाच्या शिवणखोलीतली सुई लपवून ठेवली म्हणून ती एकांतात आली होती. सुई कशाला लपवलीस, तर म्हणे, बायकांच्या अंगावरचे कपडे उसवलेले बघवत नाहीत.

तिला भेटीच्या खोलीत आणलं. उजेडाची सवय सुटल्यामुळे ती डोळे बारीक करून वकीलबाईकडे बघत राहिली. बघतच राहिली. नजर अशी, की उन्हातान्हातून आलेल्या माणसाने पाण्याच्या तांब्याकडे बघावं.

त्या रात्री शेजारून काही ऐकलंस का?

"ठोके ऐकले."

"बडबडीच्या दाराचे?"

"ठोके ऐकले," ती पुन्हा तेवढंच म्हणाली.

पडल्याचा आवाज? शिंपीण म्हणाली, एकदा धप्प झालं. वाटलं, ताट ढकललं असेल रागाने. पोरगी तापट होती. वकीलबाईने उगीच धीराचे दोन शब्द बोलावे म्हणून तिचे हात हातात घेतले, तेव्हा शिंपिणीने डावा हात चटकन बाहीत ओढला. पण तेवढ्यात दिसायचं ते दिसलं. उजव्या हाताची बोटांची पेरं सोललेली होती. त्यात नवल नव्हतं, लोखंडी दारावर सारखे ठोके देऊन एकांतातल्या सगळ्यांची सोलतात. पण डाव्या हाताचीही तशीच सोललेली होती.

जबाबावर सही करताना तिने पेन उजव्या हातात धरलं.

जी बाई उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने दार वाजवते, तिचा डावा हात कशावर सोलला गेला?

५

घरी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगात दूध भरून आलं होतं, कुडता ओला झाला होता. ती हात धुवायला स्वयंपाकघरात शिरली. ओट्यावरच्या डबीतून बाळाचं बोलणं ऐकू येत होतं, आपल्याच नादात, बुडबुडे काढत. तिला हायसं वाटलं. उठला वाटतं, असं स्वतःशी म्हणत ती वळली आणि जागीच थबकली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. बाळ त्यांच्या खांद्यावर होतं, गाढ झोपलेलं.

डबी अजून बोलत होती.

"पलीकडच्या बिऱ्हाडातल्यांनी पण तसलंच यंत्र आणलंय," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "दोन दिवस झाले, त्यांचं पोर आपल्या डबीतून रडतंय. तुला सांगणारच होते, पण तू घरात असतेस कुठं?"

वकीलबाईने बाळाला घेतलं, छातीशी धरलं, त्याच्या नाकाखाली बोट नेऊन श्वास बघितला. मग पुन्हा बघितला. डबीतला परका आवाज चालूच होता. आवाज खरा होता. मूलही खरं होतं. फक्त ते त्या पाळण्यात नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मला उद्या पुन्हा तिकडे जायला हवं. त्या कोठड्यांची दारं मी नीट पाहिलीच नाहीत."

६

दुसऱ्या दिवशी तिने अधीक्षकबाई, डॉक्टर आणि पहारेकरीण तिघांना एकांताच्या बोळात उभं केलं. शिंपिणीला हाताला मलमपट्टी करायला पाठवलं होतं. बडबडीची कोठडी कुलूपबंद, रिकामी. ती रिकामी आहे हे तिने तिघांना डोळ्यांनी बघायला लावलं आणि मगच कुलूप लावून घेतलं. नंतर स्वतः शिंपिणीच्या कोठडीत गेली आणि दार बाहेरून लावायला सांगितलं.

दार लागलं, आणि सगळा हिशेबी विचार तिच्या डोक्यातून निघून गेला.

अंधार असा नव्हता. वर जाळीतून राखेसारखा उजेड येत होता. पण बोळातलं कुजबुजणं, पायांचे आवाज, सगळं कापसात गुंडाळल्यासारखं दूर गेलं. बाळ आत्ता रडत असेल, असं तिला वाटलं. मग वाटलं, रडत नसेल तर? आपण इथे मरून पडलो तर त्यांना कशावरून कळेल? हात आपोआप दाराकडे गेला. तिने तो आवरला.

डावीकडे, दाराच्या बाजूला, तिने हाताने चाचपलं. तिथे खांब होता. मूळची एकच मोठी खोली मध्ये भिंत घालून दोन केली होती आणि दोन्ही दारं एकाच लोखंडी खांबावर बसवली होती. अर्धा खांब या कोठडीत, अर्धा त्या कोठडीत. या बाजूला, हात पोचेल एवढ्या उंचीवर, खांबाचा रंग उडून लोखंड चकचकीत झालं होतं.

बाहेर पहारेकरणीने बडबडीच्या दारावर किल्ली वाजवली.

वकीलबाईने डाव्या हाताची बोटं मुडपली आणि खांबावर मारली. टक. मग टक-टक.

बाहेर कोणीतरी जोरात श्वास ओढला. दार उघडलं तेव्हा पहारेकरीण भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"आत कोणी नाहीये," ती म्हणाली. "पण ठोका आतूनच आला. तिचाच."

७

शिंपीण मलमपट्टीच्या खोलीत बाकावर बसली होती. वकीलबाई तिच्या शेजारी बसली. बाकी सगळ्यांना तिने बाहेर ठेवलं. खांबाबद्दल सांगितलं, डाव्या हाताबद्दल सांगितलं.

मग शिंपीण बोलायला लागली ती थांबेना.

पहिल्यांदा ती युक्ती बडबडीनेच काढली होती. रात्रभर दर फेरीला ठोका द्यायचा म्हणजे झोप अशी लागतच नाही. डोळा लागतो न लागतो तोच किल्ली वाजते. झोपेत ठोका चुकला की शिक्षा वाढणार. शिंपिणीला एकदा ताप भरला होता. उठवेना. पहारेकरणीची किल्ली तिच्या दारावर वाजली, आणि तिने हात उचलायच्या आधीच खांबावरून ठोका गेला. पलीकडून. त्या रात्री ती पोटभर झोपली. मग दोघींनी पाळी लावून घेतली. एक रात्र हिने दोघींचे ठोके द्यायचे, एक रात्र तिने. झोपणारीने आधी भिंतीवर तळहात घासायचा, म्हणजे, मी झोपते गं आता.

"त्या रात्री तिची झोपायची पाळी होती," शिंपीण म्हणाली. "भिंतीवर हात घासलेला मी काही ऐकला नाही. धप्प झालं तेवढंच ऐकलं. म्हटलं, रागाने ताट ढकललं आणि तशीच आडवी झाली. पोरगी झोपली. एकदाची झोपली. म्हणून मी जिवाचा कान करून बसले. एकही ठोका चुकवला नाही, बाई. तिच्यासारखाच दिला, तिची झोप मोडू नये म्हणून हळू पण बाहेर ऐकू जाईल असा." तिने पट्टी बांधलेले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. "एक जरी चुकला असता तर त्यांनी दार उघडलं असतं ना?"

वकीलबाईला खोटं बोलता आलं असतं. तिने शिंपिणीला जवळ घेतलं. ती हलकी होती, वाळत घातलेल्या कपड्यासारखी.

८

अहवाल असा झाला. डॉक्टर खरं बोलले. पहारेकरीण खरं बोलली. शिंपीणही खरं बोलली, फक्त विचारलं तेवढंच तिने सांगितलं. खून कोणी केला नाही. ज्या बाईला मदत मागायला आवाज हवा होता तिचा आवाज नियमाने बंद केला, जिला बघायला डोळा हवा होता तिच्या दाराला पत्रा ठोकला, आणि जिने दया केली तिच्या दयेचाच फास करून टाकला. फिटच्या रुग्णाला एकांतात टाकलं ही पहिली चूक, आणि माणूस न बघता ठोका ऐकून समाधान मानलं ही दुसरी. पत्रे काढा, रोज तोंड बघा, आणि शिंपिणीला आजच्या आज एकांतातून बाहेर काढा.

फाटकाशी बडबडीच्या आईला तिने सगळं सांगितलं. आई पिशवी छातीशी धरून ऐकत राहिली.

"म्हणजे कुणीतरी जागं होतं," शेवटी ती म्हणाली.

"हो. रात्रभर."

"तिला वाटत होतं पोरगी झोपलीय. म्हणून आवाज न करता बसली होती." आईने डोळे पुसले. पहिल्यांदाच. "मग मला तिला भेटायचंय. तिच्यावर राग नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही तर ती मरेल हो."

भेटू दिलं नाही. नात्यातली नाही, आणि एकांतातल्याला भेट नाही.

पहारेकरीण कामावर रुजू झाली. पत्र्यांचं प्रकरण वर पाठवलंय, असं सांगतात. आणि शिंपीण? शिंपीण बाहेर आली नाही. दुसरीच्या नावाने ठोका देणं ही फसवणूक आहे, असं ठरलं आणि तिची शिक्षा वाढली. वकीलबाईच्याच अहवालातून त्यांना ते कळलं. चौकशी संपली तशी वकीलबाईचा आत जायचा अधिकारही संपला. ती फाटकावर जाऊन विचारते. शिंपीण कशी आहे? बरी आहे, म्हणतात. कशावरून? ठोका देते ना.

शेजारची कोठडी आता रिकामी आहे. तिच्यासाठी पाळी धरायला पलीकडे कोणी नाही.

घरी आताशा ती डबी बंद असते. वकीलबाई उठते, पाळण्याशी जाते, वाकून तोंड बघते. सासूबाई शेंगा सोलत राहतात.

हे वाचणाऱ्या तुम्हाला एवढंच मागणं आहे. तुमच्याही गावाबाहेर असं एखादं मोठं फाटक असेल. कधी तिकडून गेलात तर थांबा आणि शिंपीण बरी आहे का, असं विचारा. बरी आहे म्हणतील. तेवढ्यावर परत फिरू नका. ठोका नको म्हणावं, आम्हाला तिचं तोंड बघायचंय.